शनिवार दुपार की मंगळवार सकाळ: मेदेयीनच्या कोमुना 13 मधील एका फेरीचे प्रकरण

सहा जणांचा मराठी गट कोलंबियातल्या मेदेयीन शहरात पाच दिवस राहणार आहे, असे धरू. दोघे साठीच्या पुढचे आणि त्यातल्या काकूंचा उजवा गुडघा उतरताना दुखतो. एक बारा वर्षांची मुलगी. तिघे पक्के शाकाहारी. स्पॅनिश कोणालाच येत नाही. हॉटेलने कोमुना 13 या डोंगरवस्तीची फेरी सुचवली आहे: शनिवार, दुपारी दोन वाजता, इंग्रजीतून, गाडीने ने-आण, एकूण तीन तास. जाहिरातीत सरकते जिने, भित्तिचित्रे आणि अमली पदार्थांचा कुप्रसिद्ध तस्कर पाब्लो एस्कोबार, असे तिघे एका ओळीत बसवले आहेत.

या आरक्षणात वार चुकला आहे, वेळ चुकली आहे, वाहन चुकले आहे आणि तिसरे नाव तर भलत्याच डोंगरावरचे आहे.

जागा आणि तिचा इतिहास

मेदेयीन आबुर्रा नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटरवर वसले आहे. सपाट तळ पैसेवाल्यांनी आणि कारखान्यांनी घेतला, उशिरा आलेले गरीब उतारावर चढत गेले. शहराचे 16 कोमुना, म्हणजे प्रशासकीय विभाग. त्यातला तेरावा पश्चिमेच्या टोकाला, नाव सान हाविएर. पर्यटक फिरतात तो यातला एक लहान तुकडा, प्रामुख्याने 20 दे हुलिओ आणि इन्देपेन्देन्सियास या वस्त्यांचा. 20 जुलै हा कोलंबियाचा स्वातंत्र्यदिन आणि दुसऱ्या नावाचा अर्थही स्वातंत्र्यच. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून लोकांनी मोकळ्या उतारावर घरे घातली. गिलावा न केलेली भाजक्या विटांची भिंत, वर पत्रा. पैसे आले की पत्रा काढून आणखी एक मजला.

या डोंगराचा ताबा सगळ्यांनाच हवा होता, कारण शहरातून पश्चिमेला समुद्राकडे जाणारी वाट इथूनच निघते. शस्त्रे, अमली पदार्थ, माणसे, सगळे या वाटेने आत-बाहेर होई. 1990 च्या दशकात डाव्या गनिमी संघटनांशी जोडलेल्या टोळ्या इथे ठाण मांडून होत्या. 2002 साली सरकारने एकामागून एक लष्करी कारवाया केल्या. 21 मे च्या ‘मारिस्काल’ कारवाईत गोळीबार थांबावा म्हणून बायामाणसांनी घरातल्या पांढऱ्या चादरी आणि फडकी काढून हलवली. आज भिंतींवर पांढरे कापड वारंवार दिसते, त्याचा उगम हा. मग 16 ऑक्टोबरला ‘ओरिओन’ सुरू झाली. अल्वारो उरिबे राष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. हजारहून अधिक सैनिक आणि पोलीस, वरून हेलिकॉप्टर, आणि खाली दाट वस्ती.

बरेच गाइड कथा इथेच संपवतात: सैन्य आले, टोळ्या गेल्या, मग रंग आला. हे खरे नाही. गनिमांच्या जागी निमलष्करी, म्हणजे उजव्या खासगी सशस्त्र, टोळ्या बसल्या आणि माणसे गायब होण्याचे सत्र ओरिओननंतरही चालू राहिले. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने 2016 मध्ये या कोमुनातल्या महिला कार्यकर्त्यांच्या प्रकरणात कोलंबियाच्या सरकारला जबाबदार धरले. गायब झालेल्यांना वरच्या अंगाच्या राडारोड्याच्या डेपोत, ला एस्कोम्ब्रेरात, पुरले आहे असे आया आणि बायका वर्षानुवर्षे सांगत होत्या. डिसेंबर 2024 मध्ये तिथे पहिले मानवी अवशेष हाती लागले. पुढच्याच महिन्यात शहरातल्या एका भिंतीवर ‘लास कुचास तिएनेन रासोन’ असे रंगवले गेले. ‘कुचा’ म्हणजे बोलीभाषेत म्हातारी, आई. आपल्याकडे म्हणायचे तर ‘म्हाताऱ्यांचंच खरं होतं’. महापालिकेने ते पुसले, लोकांनी पुन्हा रंगवले.

भित्तिचित्रे हा इथे सजावटीचा मामला नाही, हे या एका घटनेवरून कळते. गाइड निवडताना कसोटी लावायची ती इथे.

जिने कधी आले, रंग कधी आला

फेरीत हा क्रम उलटा सांगितला जातो, म्हणून तो नीट लावून घ्यावा. मेट्रो 1995 मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी सान हाविएरपर्यंतची बी मार्गिका आली. सान हाविएरहून वर ला आउरोराला जाणारी केबल कार, जे मार्गिका, 2008 ची. डिसेंबर 2011 मध्ये उघड्यावरचे सरकते जिने चालू झाले: सहा टप्पे, एकूण लांबी 384 मीटर, चढ साधारण 28 मजली इमारतीइतका, खर्च 67 लाख डॉलरच्या आसपास. त्याआधी साडेतीनशेच्या घरात पायऱ्या होत्या. गॅसची टाकी, आजारी माणूस, किराणा सगळे खांद्यावरून. अर्ध्या तासाहून अधिकची चढण पाच-सहा मिनिटांवर आली. वापर मोफत.

हिप-हॉप मात्र जिन्यांच्या आधीपासून होते. टोळीत भरती व्हायच्या वयातल्या पोरांना शब्द, नाच आणि रंगाचे डबे यांचे दुसरे टोळके मिळावे म्हणून इथल्याच तरुणांनी ते उभे केले आणि त्याची किंमतही मोजली. ‘कोलाचो’ नावाने गाणारा रॅपर 2009 मध्ये गोळीबारात मारला गेला. त्याच्या नावाने चालणाऱ्या कासा कोलाचो या केंद्रानेच ‘ग्राफितूर’ नावाची चित्रफेरी रुजवली. म्हणजे रस्ता आणि वाहन सरकारने दिले, आवाज वस्तीने आपला आपण काढला, आणि पर्यटक सगळ्यात शेवटी आले.

मुंबईकरांना इथे घाटकोपरजवळचे असल्फा आठवेल. मेट्रोतून दिसणारी ती टेकडी ‘चल रंग दे’ या उपक्रमात 2017 च्या अखेरीस रंगवली गेली. पण तो उपक्रम भिंतींचा होता. मेदेयीनमध्ये दिसतात रंग, फरक पडला तो चढणीत. दोन्ही पाहिलेल्याने गाइडला हा फरक जरूर विचारावा.

आणि एस्कोबार? तो 2 डिसेंबर 1993 रोजी मारला गेला, ओरिओनच्या नऊ वर्षे आधी. त्याच्या नावाने ओळखली जाणारी वस्ती खोऱ्याच्या पलीकडच्या, पूर्वेच्या उतारावर आहे. कोमुना 13 च्या कथेत त्याला नायक करणारा गाइड टी-शर्ट विकायला निघालेला असतो. 1991 मध्ये शहरात लाखामागे सुमारे 380 खून होत होते. त्या काळाच्या झळा इथल्या घरांनाही लागल्या, तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालून या गल्लीतून चालणे म्हणजे निव्वळ असभ्यपणा.

वार आणि वेळ

शनिवारी-रविवारी दुपारी या तुकड्यात पाय ठेवायला जागा नसते. अडचण गर्दीपेक्षा आवाजाची. जिन्यांच्या दोन्ही अंगांना बार, प्रत्येकाचा वेगळा स्पीकर, मधे नाचणाऱ्यांचा स्वतःचा स्पीकर. वीस जणांच्या घोळक्यात मागच्या तिघांना गाइडचे शब्द पोचत नाहीत आणि मग फेरी फोटोंपुरती उरते. शिवाय पावसाळ्यात, म्हणजे एप्रिल-मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर, पाऊस बहुधा दुपारीच येतो. ओल्या पायऱ्या निसरड्या होतात, आणि जोराचा पाऊस, विजांचा कडकडाट किंवा बिघाड झाला की सरकता जिनाही थांबतो. थांबलेला सरकता जिना साध्या पायऱ्यांहून वाईट, कारण त्याची पायरी उंच असते. काकूंच्या गुडघ्याला हेच नको आहे.

पहिला सुचणारा बदल म्हणजे सोमवार सकाळ. इथे एक खोच आहे. 1983 च्या कायद्याने कोलंबियातले बरेच सण-सुट्ट्या पुढच्या सोमवारी ढकलल्या जातात. त्या जोडसुट्टीला तिथे ‘पुएन्ते’, म्हणजे पूल, म्हणतात. पुएन्तेचा सोमवार हा दुसरा रविवारच. कॅलेंडर पाहिल्याशिवाय सोमवार घेऊ नये. या गटाने मंगळवार धरला. सव्वानऊला सान हाविएर स्टेशनवर, साडेनऊच्या सुमारास जिन्यांच्या पायथ्याशी. त्याआधी दुकाने उघडलेली नसतात, आणि अकरानंतर मोठे घोळके येऊ लागतात. म्हणजे शांत वेळ सव्वा-दीड तासच. अवघड इतिहास त्यात ऐकायचा, खाणे-खरेदी नंतर.

गाइड कसा निवडावा

‘फ्री टूर’ नावाला फुकट. शेवटी टिप द्यायचीच असते. माणशी 50,000 पेसो ही ठीक रक्कम. एका रुपयाला साधारण 40 ते 50 पेसो, तेव्हा हजार-बाराशे रुपये. पण अशा फेरीत गट वीस-पंचवीसचा होतो आणि त्याची चाल तरुणांच्या पायाला बेतलेली असते. सहा जणांनी स्वतंत्र गाइड घेतला तर पैसे थोडे जास्त जातात, गती मात्र काकूंच्या गुडघ्याची ठेवता येते. या गटासाठी हाच निर्णय योग्य, आणि त्यात काटकसर करू नये.

ठरवण्याआधी निरोपातून चार गोष्टी विचाराव्यात. गाइड कोणत्या वस्तीत राहतो? पर्यटन नोंदणी क्रमांक काय? कोलंबियात पर्यटन सेवांना राष्ट्रीय नोंदणी आणि गाइडला व्यावसायिक ओळखपत्र लागते. क्रमांक मागितल्यावर विषय बदलणाऱ्याला तिथेच सोडावे. ओरिओनबद्दल कुठे आणि किती वेळ बोलणार? ‘वाटेत सांगतो’ हे उत्तर पुरेसे नाही. एका जागी उभे राहून दहा मिनिटे हवीत. आणि शेवटी, भिंती, नाचणारी मुले, थांबायची दुकाने यांना या पैशांतून काय जाते? वस्तीतला माणूस याचे उत्तर सरळ देतो, बाहेरून गाडी भरून आणणारा गोल फिरवतो.

स्टेशनबाहेर टी-शर्ट घालून उभे असलेले गाइड वाईटच असतात असे नाही, त्यातले काही इथलेच. पण घासाघीस करत उभे राहिलात तर वरचे प्रश्न विचारायला वेळ उरत नाही.

प्रत्यक्ष मार्ग

गाडी नको. 20 दे हुलिओचा रस्ता अरुंद, त्यात बस, टॅक्सी आणि दुचाक्या. गर्दीच्या वेळी शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला वीस मिनिटे जातात. मेट्रोने पोब्लादो स्टेशनहून ए मार्गिका, सान आन्तोनिओला बदल, तिथून बी मार्गिकेने शेवटचे स्टेशन सान हाविएर. बदल धरून पाऊण तास हाताशी ठेवावा. सकाळी साडेआठपर्यंत ए मार्गिका मुंबईच्या लोकलची आठवण करून देते. त्यानंतरची गाडी घ्यावी. तिकीट एका फेरीला चार हजार पेसोंच्या आत-बाहेर. मेट्रोत लोक शिस्तीने वागतात, डब्यात खाणे-पिणे दिसत नाही, भिंतीवर एक रेघोटी नाही. डोंगर चित्रांनी भरलेला आणि गाडी कोरी, हा विरोधाभास मुलीच्या लक्षात आणून द्यावा.

स्टेशनपासून जिन्यांचा पायथा चालत वीस-पंचवीस मिनिटे, सगळा चढ. चालण्यात विशेष काही नाही, तेव्हा सहाही जणांनी स्टेशनबाहेरून 20 दे हुलिओकडे जाणारी छोटी बस किंवा दोन टॅक्सी घ्याव्यात. पायांचा साठा वरसाठी राखायचा.

पायथ्याशी पहिली तीस-चाळीस मिनिटे भिंतींना द्यावीत. चित्र कसे उभे राहते ते कळले तर पुढच्या भिंती आपोआप वाचता येतात. उघडी वीट रंग पिते. म्हणून आधी सिमेंटचा हात, मग पांढरा अस्तर-रंग, त्यावर खडूने किंवा पातळ फवाऱ्याने रेखाटन, मग मोठे भाग रोलरने आणि कडा, छटा, चेहरे स्प्रेच्या डब्याने. डब्याचे टोक बदलले की रेघ जाड-बारीक होते. भिंत कोणाच्या तरी घराची असते, तेव्हा घरमालकाची परवानगी आधी. विषुववृत्ताजवळचे ऊन लाल-पिवळे लवकर खाते, पाऊस खालच्या फूटभराला पोपडे आणतो, आणि चित्रकार स्वतःही जुन्यावर नवे काढतात. गेल्या वर्षीच्या फोटोतले चित्र शोधत बसू नये. ते नसण्याचीच शक्यता अधिक. चोता13 या इथल्याच कलाकाराची सही मात्र ठिकठिकाणी भेटेल, ती ओळखायला शिकावे.

मग जिने. सहाही टप्पे एका दमात न चढता प्रत्येक टप्प्याच्या डोक्यावर थांबावे. एका बाजूला उभे राहावे; हा वस्तीचा रोजचा रस्ता आहे, आणि मागून सिलिंडर घेतलेला माणूस ‘पेर्मिसो’ म्हणत येत असतो. टप्प्यांच्या मधे सपाट पूल आणि काही ठिकाणी साध्या पायऱ्या आहेत, म्हणजे चाकाच्या खुर्चीला हा मार्ग नाही. काकूंनी काठी घ्यावी, कठड्याच्या बाजूने चालावे आणि उतरताना उतरता सरकता जिनाच वापरावा. काही गाइड परतताना ‘खरी वस्ती दाखवतो’ म्हणून मागच्या जुन्या पायऱ्यांनी उतरवतात. गुडघा दुखणाऱ्यासाठी तो रस्ता आधीच नाकारून ठेवावा.

वर पोचले की डोंगराच्या अंगाने काँक्रीटची पायवाट जाते. तिच्यावरून शहर पुढ्यात पसरते, पण पाठ फिरवून डोंगराकडेही पाहावे. हिरव्यात एक ओरबाडलेला, मातकट पट्टा दिसतो. ती ला एस्कोम्ब्रेरा. चांगला गाइड इथे बोट दाखवून गप्प होतो. फालतू गाइड याच जागी फोटोसाठी पंख रंगवलेली भिंत दाखवतो.

पैसे, पोट आणि पपई

सुट्या नोटा आदल्या दिवशीच कराव्यात: 2,000, 5,000 आणि 10,000 च्या. ब्रेकडान्स करणारे रिंगण धरतात, पुढच्या रांगेत उभे राहून पाहिले तर टोपीत पैसे टाकणे आले; सहा जणांचे मिळून 20,000 पेसो पुरतात. त्याहून पटकन गाठतात ते फ्रीस्टाइल रॅपर. तुमच्या टोपीवर, चष्म्यावर, ‘इंडिया’वर जागच्या जागी कडवे जुळवतात आणि शेवटी हात पुढे करतात. नको असेल तर पहिल्या ओळीलाच हसून ‘नो, ग्रासियास’ म्हणावे. पूर्ण गाणे ऐकून पळ काढणे शोभत नाही.

खाण्यात मराठी माणसाला इथे घरचे भेटते: मांगो बिचे, म्हणजे कैरी, मीठ आणि लिंबू. फोडींच्या पेल्यात मिळते, आणि गोठवलेली कांडीही मिळते. शाकाहारी तिघांनी एक लक्षात ठेवावे. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हटले की अनेक दुकानदार फक्त गोमांस वगळतात आणि कोंबडी किंवा हॅम घालतात. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन’ अशी पूर्ण माळ म्हणावी. एम्पानादा म्हणजे करंजीसारखा तळलेला पदार्थ; त्याच्या सारणात बटाट्यासोबत बहुधा मांस असतेच. चीज घातलेली आरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, चालेल. बुन्युएलो या चीजच्या तळलेल्या गोळ्यात बहुधा अंडे असते. तळण डुकराच्या चरबीत नाही ना, एवढे गाइडकडून विचारून घ्यावे.

सुरक्षेबाबत कोलंबियन लोक एकच वाक्य सांगतात: ‘नो दार पापाया’, पपई देऊ नका, म्हणजे समोरच्याला आयती संधी देऊ नका. फोन हातात लोंबकळू नये, दागिने हॉटेलात, अनोळखी माणसाने दिलेले पेय घ्यायचे नाही. चित्रांच्या मुख्य वाटेवर दिवसा खिसेकापूंपलीकडे फारशी भीती नाही. मात्र बाजूची गल्ली सुंदर दिसली म्हणून एकट्याने आत शिरू नये. मेदेयीनच्या डोंगरवस्त्यांत ‘कोम्बो’ म्हणवणाऱ्या टोळ्या आजही दुकानांकडून हप्ता घेतात. त्याला म्हणतात ‘वाकुना’, शब्दशः लस. पर्यटकाला हे दिसत नाही, आणि गाइडला भर रस्त्यात मोठ्याने त्याविषयी विचारून त्याला अडचणीतही आणू नये.

घरांच्या दारातून आत कॅमेरा नको. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत. पर्यटनाने इथे रोजगार आला तसा गोंगाट आणि वाढलेले भाडेही आले. दाराशी बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावरचा कंटाळा हा त्या हिशेबाचा भाग आहे.

फेरीनंतर

बारा-सव्वाबाराला पायथ्याशी उतरून सान हाविएर स्टेशनवर यावे. तिथूनच जे मार्गिकेची केबल कार धरावी: हुआन XXIII, व्हायेहुएलोस, ला आउरोरा, आणि न उतरता परत. स्टेशनच्या आतच बदल केला तर वेगळे तिकीट पडत नाही. अर्ध्या तासात बसल्या जागी ते दिसते जे चित्रांच्या गल्लीत दिसत नाही: रंग न लागलेली, विटांचीच, अजून पायऱ्यांनी चढावी लागणारी घरे. कोमुना 13 चा बराच मोठा भाग असाच आहे.

पाय शाबूत असतील तर दुपारी सान आन्तोनिओला उतरून ट्रामने बिसेन्तेनारिओ थांब्यावर जावे. तिथे शहराचे स्मृतिसंग्रहालय, कासा दे ला मेमोरिया, आहे. प्रवेश मोफत, आत बसायला जागा भरपूर, आणि सकाळी गाइडने घाईत उरकलेली नावे-तारखा सावकाश वाचता येतात. ट्रामचा तळ फलाटाच्या पातळीत असतो, तिच्यात शिरताना काकूंना पायरी चढावी लागणार नाही.